एकशे चाळीस ठोके

कामतघर, भिवंडी
९ फेब्रुवारी २०२५

चि. उन्नती,

तू आईला फोनवर विचारलंस, "पोरीला तिथे आहे तरी काय?" म्हणून चंद्राच्या वापरातल्या, माझ्या हातानं केलेल्या वस्तू खाली लिहितो.

पाळणा. भंगारात निघालेल्या नळ्यांचा, दोन्ही टोकांना बेअरिंग. एकदा ढकलला की एकशे बारा झोके जातो, मी मोजलेत. जिन्याच्या तोंडाशी फाटक, उंची सव्वीस इंच, कडी बाहेरून. चालायची गाडी, सागाच्या पट्ट्यांची. पुढची चाकं मुद्दाम घट्ट ठेवलीत, म्हणजे गाडी पोरीच्या पुढे पळत नाही. बाजारातल्या पळतात आणि पोरं तोंडावर आपटतात. लूमच्या जुन्या धोट्याच्या लाकडाचा चमचा, कडा तीनदा घासलेल्या. आणि दाराचा लाल दिवा. तो तुझ्या लहानपणापासूनचाच. खाली बटण दाबलं की वर लागतो, कारण या खोलीत खालच्या लूमच्या आवाजात बेल कुणाला ऐकू येणार? तो मी आता भिंतीवर अडीच फुटांवर आणलाय, तिलाही दिसावा म्हणून.

लूम दुरुस्त करणाऱ्या, सातवी शिकलेल्या जॉबरनं हे केलंय. एकही खिळा डोकं वर काढून नाही.

विशालराव गेले त्याला सव्वा वर्ष होत आलं. बाप गेल्यावर दीड महिन्यानं जन्मलेलं पोर आम्ही छातीशी धरलं. तू मात्र जाताना जिन्यात म्हणालीस, "लूमच्या डोक्यावर मी माझी मुलगी वाढवणार नाही. आईला घेऊन शांत जागी खोली करा." पुण्याच्या हॉस्टेलात मूल चालत नाही, म्हणून तिला इथंच ठेवून गेलीस. माझ्याशी बोलत नाहीस ते ठीक. पण तू याच माळ्यावर, याच आवाजात वाढलीस आणि बारावीला एकोणऐंशी टक्के मिळवलेस, हे विसरू नकोस.

चंद्राला या आवाजाचा काडीचा त्रास नाही. खाली चोवीस लूम चालू असताना ती गाढ झोपते. शुक्रवारी सुट्टीला लूम बंद झाल्या की उलट जागी होऊन रडते. मालक यहयासेठ म्हणाले, "सावळाराम, तुझी नात तुझ्यासारखी जॉबर होणार बघ."

फोन करू नकोस असं नाही. पण शुक्रवार सोडला तर इथे फोनवर एक अक्षर कळत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून पत्र.

तुझे बाबा


२३ मार्च २०२५

चि. उन्नती,

चंद्रा चालली. मंगळवारी, अठरा तारखेला, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, गाडी सोडून. नऊ पावलं. पाळण्यापासून दारापर्यंत साडेआठ फूट अंतर आहे, टेपनं मोजलं. दहाव्या पावलाला बसली, रडली नाही, माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले.

झालं असं, की पाळी संपवून मी खालचं बटण दाबलं. दिवा लागला. तुझ्या आईच्या आधी ही उठली आणि दाराकडे निघाली. मी जिना चढून येतो तर ही समोर. आबा आले हे तिला आधी कळतं.

हुशारीचं आणखी सांगतो. पाठमोरी बसली असली की मी फळीवर पाय आपटतो, जसा तुझ्यासाठी आपटायचो. लगेच वळते. सुताच्या चार रिकाम्या कांड्या एकावर एक रचते. कपाटाची किल्ली कुठल्या खिळ्याला असते ते तिला माहीत आहे. मी तो खिळा वर घेतला, तर स्टूल ढकलत नेलं.

अंगणवाडीच्या हेमालीताई येऊन गेल्या. त्यांच्या कागदावर एक रकाना आहे, एक ते दोन शब्द बोलते का. तुझी आई म्हणाली, "न्हाय." मी म्हटलं, "लिहा, लवकरच." ताई हसल्या, म्हणाल्या, "काका, लवकरच असा रकाना नसतो." मग म्हणाल्या, कान एकदा दाखवून घ्या. मी त्यांच्यासमोर पाय आपटून दाखवला. चंद्रा वळली. ताईंनी काही लिहिलं नाही.

त्या गेल्यावर तुझी आई तव्यावरची भाकरी तशीच ठेवून बाहेर आली. "पोरगी चवदा महिन्यांची होल. आन् तुमी झोके मोजताव."

तूही आईला तेच विचारतेस असं कळलं. तू स्वतः पावणेदोन वर्षांची होईपर्यंत गप्प होतीस. नंतर थांबलीच नाहीस, ते वेगळं.

तुझे बाबा


२७ एप्रिल २०२५

चि. उन्नती,

पत्र थोडक्यात लिहितो, लूमवरचे ताण्याच्या सुताचे दोन बीम बदलायचे आहेत.

आनंदाची बातमी. चंद्रा काल "आबा" म्हणाली. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, खिडकीशी उभी होती. दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा स्पष्ट.

मे महिन्यात तू रजा काढून येणार असं आई म्हणत होती. यंदा उकाडा फार आहे, पत्रा तापतो, पाणी एक दिवसाआड. पोरीची झोप मोडेल. पावसाळा संपल्यावर आलीस तर बरं. तोवर ती चार शब्द आणखी शिकेल आणि तुलाही समाधान वाटेल.

वरचे चार दात, खालचे तीन. वजन नऊ किलो दोनशे.

तुझे बाबा


१५ जून २०२५

चि. उन्नती,

तुझं पत्र मिळालं. आठ महिन्यांत पहिलं. तू लिहिलंस, "बाबा, तुम्ही लिहिलेलं मी हॉस्टेलातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं." ते मी दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. खिशाला तेल लागलं होतं, त्यामुळे पत्राचा एक कोपरा डागाळला आहे.

तू म्हणतेस, तिचं "आबा" मोबाईलवर भरून पाठवा. तसं करायला हरकत नाही. पण खाली लूम चालू असताना काही भरत नाही. शुक्रवारी लूम बंद असतात हे तू लिहिलंस तेही बरोबर. मागच्या शुक्रवारी ती झोपेत होती. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मोबाईलची बॅटरी उतरली होती.

हे वाचून तू काय म्हणशील ते मला माहीत आहे.

आता तू चार जुलैला, मुद्दाम शुक्रवार धरून, सकाळच्या गाडीनं येतेस. तिच्या तोंडून ऐकायला. ये. घर तुझं आहे.

तुझी आई माझ्याशी बोलत नाही. कारण तिला विचारू नकोस, मीच सांगेन.

तुझे बाबा


२६ जून २०२५

उन्नती,

हे पत्र तू यायच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून पोस्टात स्वतः जाऊन स्पीड पोस्ट करतो आहे. उभ्यानं वाचू नकोस.

चंद्रा "आबा" म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल. लूम बंद. मी खिडकीशी उभा राहून गजाची पट्टी कसत होतो. चंद्रा चार फुटांवर, माझ्याकडे पाठ करून कांड्या रचत होती. बावीस नंबरचा पाना हातातून सुटला आणि गजांवर आपटत खाली गेला. मी दचकलो. तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली. चंद्रानं पाचवी कांडी चौथीवर ठेवली.

मी आधी म्हटलं, खेळात दंग आहे. मग थाळी घेतली आणि मागे उभा राहून चमच्यानं वाजवली. मग सायकलची घंटा. शिट्टी. डबा. पायाला फळी लागू द्यायची नाही, सावली पुढे पडू द्यायची नाही, वारा लागू द्यायचा नाही, हे सगळं सांभाळून. तीन शुक्रवार. अकरा वस्तू, सतरा वेळा. एकदाही वळली नाही. शेवटी पाय आपटला. लगेच वळली आणि हसली.

तेव्हा कळलं. ती पायाचा आवाज ऐकत नव्हती. फळी थरथरते ती तिला बसल्या जागी लागत होती. दिवा डोळ्यांना दिसत होता. लूम चालू झाल्यावर झोपायची ती माळ्याच्या हादऱ्यावर, आणि हादरा थांबला की जागी व्हायची. या घरात आपण कुणी कुणाला हाका मारतच नाही, उन्नती. पाय आपटतो, हात हलवतो, तोंडाकडे बघून बोलतो. सव्वीस वर्षं अशीच गेली. दुसऱ्या कुठल्याही घरात चार महिन्यांत लक्षात आलं असतं. इथं ती आपली सगळी भाषा बरोबर शिकली, म्हणून कुणाला काही कमी दिसलं नाही.

यात माझी चूक नाही असं म्हणता आलं असतं. पण पंचवीसला मला संशय आला आणि सत्तावीसला मी तुला लिहिलं की ती आबा म्हणाली. वेळेसकट लिहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. खोट्यालाही मी वेळ घातली.

का, ते सांगतो. तू जिन्यात जे म्हणालीस ते खरं ठरेल म्हणून. तू पोरीला घेऊन जाशील म्हणून. क्रम हाच आहे. उलटा लिहिला असता तर मी जरा बरा दिसलो असतो.

तुझ्या आईला मी तुझं पत्र आल्यावर सांगितलं. तिनं हातातली परात खाली ठेवली. "दोन म्हैने?" एवढंच विचारलं. तेव्हापासून ताट वाढते, बोलत नाही.

मंगळवारी, चोवीसला, आम्ही तिला ठाण्याला कानाच्या तपासणीला नेलं. डोक्याला तारा लावतात आणि मूल झोपलेलं असावं लागतं. झोपेचं औषध पाजलं, तरी ती झोपेना. खोली चारी बाजूंनी गादीसारखी मढवलेली, आत सुई पडली तर ऐकू येईल. तुझ्या आईनं मांडीवर घेतलं, थोपटलं. चंद्रा डोळे टक्क उघडे ठेवून पाठ ताणत होती. तपासणाऱ्या बाई घड्याळ बघू लागल्या, म्हणाल्या, पुढच्या महिन्यातली तारीख देते.

मी म्हटलं, दहा मिनिटं द्या. बाकावर बसलो, तिला छातीवर आडवी घेतली आणि टाच खाली ठोकायला लागलो. आपली लूम मिनिटाला एकशे चाळीस ठोके टाकते. ते मला घड्याळाशिवाय येतं. बाई म्हणाल्या, "अहो आजोबा, काय करताय?" मी थांबलो नाही. चौथ्या मिनिटाला तिची मूठ सैल झाली. सहाव्याला मान पडली. तुझ्या आईनं मग पायातला जोडा काढला आणि माझ्या शेजारी बसून ती पण ठोकायला लागली. माझी टाच बदलायला तिनं मला वेळ दिला. तारा लावताना आम्ही पाय थांबवले. झोप टिकली.

निकाल: दोन्ही कान. जन्मापासून असावं, असं बाई म्हणाल्या. उजव्या कानात थोडं शिल्लक आहे, डाव्यात जवळजवळ नाही. दोन्हींना यंत्रं लावायची, नेमानं शिकवायला न्यायचं, सहा महिने बघायचं, मग ऑपरेशनचं ठरवायचं. दिवस घालवू नका, म्हणाल्या. शिकायचं वय हेच आहे. मी विचारलं, दोन महिन्यांनी किती फरक पडतो? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता ते मोजून काय करणार?"

आणि त्यांनी एक विचारलं, घरात आवाज किती? यंत्र लावल्यावर ते माणसाचा आवाज मोठा करतं तसा लूमचाही करतं. लूमच्या डोक्यावर राहून ही पोर बोलणं शिकणार नाही, म्हणाल्या.

कागद सगळे क्रमानं लावून फाईलमध्ये ठेवलेत. तू ये.

सावळाराम


२० जुलै २०२५

उन्नती,

तू आलीस, फाईल घेतलीस, चंद्राला आणि आईला घेतलंस आणि सव्वादोनच्या बसनं गेलीस. एकूण तीन तास दहा मिनिटं. माझ्याकडे बघून एकच वाक्य बोललीस, "तुम्हाला माहीत होतं, बाबा." मी वाट बघत होतो की पुढे काही बोलशील. शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं.

आई फोनवर ओरडून सांगते, मी अर्धं ओठांच्या अंदाजानं समजतो, व्हिडिओवर. पुण्यात तुम्ही मैत्रिणीच्या एका खोलीत चौघी आहात. यंत्रं बसवली. पहिल्या दिवशी तिनं ती ओढून डाळीच्या पातेल्यात टाकली. दुसऱ्या दिवशी तू भांडं वाजवलंस आणि तिनं रडायचं मध्येच थांबवलं. हे आईनं मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा रडली. म्हणजे आता माझ्याशी बोलते.

तुझ्या कंपनीत रजा शिल्लक नाही आणि आईला तिथं रस्ता ओलांडायची भीती वाटते, हेही सांगितलं. ठाण्यात तुला नोकरी मिळते आहे पण तू हो म्हटलेलं नाहीस, कारण ठाण्यात आलीस तर राहणार कुठं. भिवंडीच्या त्या खोलीत तू पाय ठेवणार नाहीस.

बरोबर आहे. ठेवू नकोस.

बाबा


२ नोव्हेंबर २०२५

चि. उन्नती,

कामाचं पत्र आहे, शेवटपर्यंत वाच.

मी मोबाईलवर आवाज मोजायचं साधन घेतलं. खाली कारखान्यात अठ्ठ्याण्णव डेसिबल. वर आपल्या खोलीत चौऱ्याऐंशी. खिडकी बंद करून, गाद्या लावून, दोन थर पुठ्ठा ठोकून एक्क्याऐंशी. पुठ्ठा ठोकायला मी आठ दिवस घालवले आणि तीन कमी झाले. ते काढून टाकलं.

मग शेलार गावात खोली बघितली. गोदामांचे ट्रक रात्रंदिवस चालतात. नाही.

खारबावला स्टेशनपासून अकरा मिनिटांवर दोन खोल्या आहेत, तळमजला, मागे भाताचं शेत. मी तिथे पाच वेगवेगळ्या दिवशी जाऊन बसलो. सकाळी सात, दुपारी बारा, चार, संध्याकाळी सात. सरासरी बेचाळीस. रेल्वेगाडी जाते तेव्हा सहासष्ट, पण पन्नास सेकंदांपुरतं. घरमालकाचं नाव चांगदेव, एकटे असतात, रेडिओ फार मोठा लावतात. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "मंग मी कानाला लावून ऐकीन." घर मी भाड्यानं घेतलं. जमीन फरशीची आहे. पाय आपटला तर कुणाला कळणार नाही. तिला हाक मारावी लागेल. मलाही ती मारायची सवय करावी लागेल, कारण मी घरात कधी आवाज वर केलेला नाही, आपण सगळेच हातवारे करणारे. रोज सकाळी शेताच्या बांधावर उभा राहून तिच्या नावानं दोन हाका मारतो. पहिल्या दिवशी चांगदेव धावत आले, काय झालं म्हणून.

मी स्वतः कान तपासून घेतले. माझेही गेलेत, निम्म्याच्या वर. मला आता डाव्या कानाला यंत्र आहे. हे सांगायला मला चार महिने लागले. आवाजाचा काडीचा त्रास नाही असं तुला लिहिणाऱ्या माणसाला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हतं, एवढं समजून घे. माफी म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो.

तू ये असं मी म्हणत नाही. किल्ल्या दोन आहेत, एक यासोबत पाठवतो. तुझी आई आणि चंद्रा इथं राहिल्या तर मी मागच्या पडवीत झोपेन. तू नको म्हणालीस तर तेही नाही, शेलारला भावाकडे राहीन आणि फक्त तिला शिकवणीला ठाण्याला घेऊन जाईन. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दहाचा वर्ग. गोदामात माल वाहून नेणारे पट्टे दुरुस्त करायचं काम धरलंय, दुपारी दोन ते दहा, बावीस हजार. सकाळ मोकळी राहते.

यहयासेठना राग आला आहे. त्यांनी जुन्या चोवीस लूम विकल्या. आता नव्या, धोटा नसलेल्या, कॉम्प्युटरच्या पाटीवर चालणाऱ्या बत्तीस येताहेत. त्या चालवायला भिवंडीत माणूस नाही. मी त्या मशीनची इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन सहा महिने वाचली होती, सेठना न सांगता. परवा त्यांनी मला ऑफिसात खुर्चीवर बसवलं, चहा मागवला, तोही कपात. म्हणाले, "तू ती मशीन बघायच्या आधीच समजून घेतलीस, सावळाराम. हेड जॉबर तूच." मी म्हटलं, सेठ, मला जमणार नाही. "अरे, सोच जरा. घरचं काय, महिन्या दोन महिन्यात होतं सगळं. खोली तशीच राहू दे, वीज माझी." मी पुन्हा नाही म्हटलं. त्यांनी कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला. आकडा पेनानं लिहिलेला होता.

बत्तीस नव्या लूम, माझ्या हाताखाली सहा माणसं, कारखान्याच्या डोक्यावरची खोली कायमची फुकट. महिना सेहेचाळीस हजार रुपये. मी नाही म्हणालो.